लोक्रोचा भाव

६ मे, सोमवार
आमच्या वस्तीच्या फुकट जेवणघराचा सरकारी टेम्पो आजही आला नाही. तांदूळ, तेल, डाळी, काहीच नाही. माझ्याबरोबर रांधणारी निदिया चुलीपाशीच म्हणाली, "वाट बघू नकोस झुनिल्दा, आपल्यावरही कात्री फिरली." मी पातेल्यात पाणी वाढवलं. वस्तीतल्या सगळ्यांना पुरलं. रडू यायला हवं होतं — आलं नाही.

९ मे
एवारिस्तो खुशीत! त्याच्या भाजीच्या गाड्यावर कांद्याचा भाव कित्येक दिवस तोच. "आधी सकाळी लिहिलेली पाटी संध्याकाळी पुसायचो. सरकारनं उधळपट्टी थांबवली म्हणून महागाई थांबली. हे तुम्ही बाया कबूल का करत नाही?" केलं कबूल. खरंच आहे ते. मग विचारलं, कांदा खपतो का? म्हणाला, "तो वेगळा प्रश्न."

१३ मे
आता आठवड्यातून तीनदाच चूल पेटते.

१७ मे
आन्सेल्मो खाटीक हाडं फुकट द्यायचा. आज हात वर केले — "हाडांनाही गिऱ्हाईक आलंय, ताई. मी तरी काय करू?" मला राग आला नाही. हल्ली काहीच येत नाही.

१९ मे, रविवार
मका, घेवडा, भोपळा, डुकराचे पाय. उरलंय त्यात लोक्रोचं, सणाच्या दाट कालवणाचं, एक मोठं पातेलं होईल. पंचवीस मेच्या राष्ट्रीय सणाला आम्ही ते दरवर्षी फुकट वाढतो. एवारिस्तो म्हणाला, "यंदा विक. हमरस्त्यापलीकडचे लोक हसत पैसे देतील. एक दिवस विक आणि महिनाभर वाढ!"

निदिया भडकली. "सणाच्या दिवशी? लोक डबे घेऊन दारात येतील गं!"

म्हटलं, वस्तीत आधी सांगून ठेवू. हिशेब बरोबर होता त्याचा.

२५ मे
सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पहाटेपासून ढवळत होते. पलीकडचे लोक गाड्या घेऊन आले, झेंड्याची निळीपांढरी फीत छातीला लावून. खपत होतं भराभर. मग आपली माणसं आली. एउसेबिओ आजोबा सगळ्यांत पुढे, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. "वाढ पोरी, आणि पाय सापडला तर मला घाल."

मी भाव सांगितला.

त्यांना वाटलं चेष्टा करतेय. "हो का? मग वर वाइन पण ओत!" हसले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. झाकण लावलं. म्हणाले, "सहज आलो होतो गं. घरी केलंय." त्यांच्या घरी गॅस नाही. मागे यानिना होती, तिन्ही लेकरांना घेऊन. ती काही न विचारताच वळली.

एक पळी घालता आली असती. पण एकाला घातली तर रांगेला काय सांगू? मी पुढच्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजले. लाज वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

२६ मे
पातेलं तळापर्यंत विकलं गेलं. मसूर, तांदूळ, तेलाने फळ्या भरल्या. एवारिस्तो — "बघ! कुणाचा टेम्पो नको, कुणाची मेहेरबानी नको!" बरं वाटायला हवं.

२७ मे, सोमवार
मसूर केले, मांस घालून. बारा वाजले, एक वाजला. बाकं रिकामी. निदिया यानिनाकडे जाऊन आली. "ती म्हणते, तिथं आता पैसे लागतात. सगळी वस्ती तेच म्हणतेय." म्हटलं, जा, घरोघर सांग, लागत नाहीत! ती धावली.

तेवढ्यात मंत्रालयातली बाई आली. न सांगता. इथं लोक खरंच जेवतात की नुसतं कागदावर, ते बघायला. जेवत असतील तर टेम्पो पुन्हा सुरू होणार. तिने भरलेल्या फळ्या बघितल्या, भरलेलं पातेलं बघितलं, बाकं बघितली. "इथं गरज दिसत नाही," म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिने मान हलवली, लिहायचं ते लिहिलं.

दमलेली दिसत होती. ताट वाढलं तिला. सगळं संपवलं. मग पर्स उघडून म्हणाली, "किती झाले?"