वैष्णवी गप्प नव्हती

शुक्रवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं की पाचवीतल्या वैष्णवीला इंग्रजी येतच नाही. ते चूक आहे. मी प्रश्न विचारून लगेच दुसऱ्याकडे वळत होते. आणि त्याच भरात तिचं नाव कच्च्या मुलांच्या यादीत घातलं. ती यादी मुख्याध्यापक सरांकडे गेली. सोमवारपासून ही मुलं इंग्रजीच्या तासाला व्हरांड्यात वेगळी बसणार.

आज पुस्तक मिटलं. म्हटलं, घरी चालतं ते हळदीचं काम आधी हातांनी दाखवा, मग आपल्या बोलीत सांगा, इंग्रजी शेवटी. हिंगोलीच्या इंग्रजी शाळेतून आलेली आर्या फाडफाड बोलली, "फर्स्ट वुई ड्राय, देन वुई बॉइल."

वैष्णवी ताडकन उठली. नखं हळदीनं पिवळीजर्द. "नो! फर्स्ट बॉइल! येडी हायेस का? कच्ची वाळू घातली तर सडन ना!"

वर्ग खदखदून हसला, आर्याही. ती म्हणाली, "बरं बाई, तूच सांग."

तिनं सांगितलं. बॉइल, ड्राय, पॉलिश. अडली तिथे ती पिवळी नखं हवेत नाचली आणि आर्यानं शब्द पुरवला. मला इतका आनंद झाला की फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

मला आत्यानं घरीच शिकवलं. प्रश्न विचारून ती निवांत पुढची भाकरी थापायची, उत्तर येईपर्यंत. मग मला वर्गात एवढी घाई काहून?

सर रागावतील. रागावू देत. नाव काढायला सांगायचं आणि चूक माझी म्हणायचं. उद्याच, शनिवारी, प्रार्थनेच्या आधी.