आज शाळा आहे का

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

दिपमालाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. त्यांच्या गुडघ्याला आता उतार असेल असं धरून चालते. आम्ही सगळे ठीक आहोत. इकडे पाऊस पुरे म्हणेपर्यंत झाला. कपाशीची खालची पानं लाल पडताहेत. हे रोज शेतात चक्कर मारून येतात आणि न बोलता जेवतात, त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तुझं नाव दिसलं की हर्षू धावत येते आणि स्पीकर लावते. तिच्यासमोर सगळं बोलता येत नाही. शिवाय बोलायला लागले की माझं एकातून दुसरंच निघतं. लिहिताना निदान थांबता येतं.

कानबाईच्या सणाला येऊन तू चार दिवस राहिली होतीस, तेव्हा विचारलं होतंस की आज गुरुवार असून हर्षू घरी कशी. कसलीतरी सुट्टी आहे, असं मी म्हटलं. सुट्टी नव्हती. आमच्या शाळेत पारोळ्याहून सबीहा मॅडम यायच्या. त्या कंत्राटावर होत्या. या वर्षी वरून मानधनाचे पैसेच मंजूर झाले नाहीत, म्हणून त्यांना जुलैत घरी बसवलं. आता पाच वर्गांना तोतारामसर एकटे. तेही कधी मीटिंगला, कधी ट्रेनिंगला, कधी मतदार यादीच्या कामाला जातात. ते गेले की शाळा बंद. आदल्या दिवशी त्यांनाही माहीत नसतं. सकाळी पोरं दप्तर घेऊन फाटकापर्यंत जातात, कुलूप बघतात आणि परत येतात.

हर्षू वेणी घालताना रोज विचारते, "मम्मी, आज शाळा आहे का?" मी म्हणते, जाऊन बघ. आईने मुलीला शाळेबद्दल द्यायचं हे उत्तर आहे का, सांग.

त्यात मला शाळा समितीची अध्यक्ष केलं आहे. या वेळी बाई पाहिजे होती आणि दुसऱ्या कोणाचा नवरा हो म्हणाला नाही. परवा पालकांची बैठक झाली. कोणी म्हणे आमदाराकडे जाऊ, कोणी म्हणे पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू. तोतारामसर भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, पहिलीला बाराखडी देऊन चौथीकडे वळलो की पहिली रडायला लागते. मी शिकवत नाही, राखण करतो." त्यावर बैठक उठली. मीही चटई गुंडाळली. अध्यक्षाने काहीतरी बोलायला पाहिजे होतं असं घरी आल्यावर वाटलं.

हर्षूला तुझ्याकडे धुळ्याला ठेवण्याचं तू म्हणालीस, ते विसरले नाही. यांच्याशी बोलून कळवते. तिचा अभ्यास तसा बरा चालला आहे.

तुझी,
दिपमाला


रविवार, २८ सप्टेंबर

ती. अक्का,

नमस्कार. देवीचे दिवस आहेत, उपवासाने डोकं जड आहे, तरी बातमी सांगायची म्हणून बसले. तू फोनवर दोनदा विचारलंस की यांच्याशी बोलणं झालं का. बोलणं व्हायला वेळच मिळाला नाही. आधी काय झालं ते ऐक.

आम्ही शाळेला कुलूप ठोकलं.

कल्पना झुलालभाऊंची. त्यांची दोन नातवंडं शाळेत आहेत. ते म्हणाले, "शिक्षक नाही म्हणून शाळा बंद राहते, तर कोणाला दिसत नाही. आपण बंद केली की दिसंल." मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. शाळेचे दिवस बुडताहेत म्हणून तक्रार करायची, आणि त्यासाठी आणखी दिवस आपणच बुडवायचे. मी तसं विचारलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सरकारची माणूस. मग मी विषय सोडला. कुलूप मात्र माझ्याच हातून लावलं, अध्यक्ष म्हणून. तोतारामसर बाजूला उभे होते. मी चावी फिरवली, तेव्हा म्हणाले, "नीट बसलं का बघा, ते कुलूप जरा अडतं." त्यांच्या मनात राग होता की नाही, मला अजून उमगलेलं नाही.

पोरं समोरच्या कडुनिंबाखाली बसली. बाया पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसत होत्या. पेपरात फोटो आला, त्यात माझा चेहरा अर्धा आहे. त्या आठवड्याच्या शेवटी तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. नवीन माणूस मिळणार नाही, भरतीला पैसे नाहीत, असं त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं. मग पुष्कळ फोन केले आणि म्हणाले, "आठवड्यातून तीन दिवस एक सर देतो. आता उघडा."

उघडलं. बायांनी मला कुंकू लावलं. झुलालभाऊंनी पेढे वाटले. नवे सर सोमवारी मोटारसायकलवर आले. सडपातळ, चाळिशीचे. आल्या आल्या चौथी-पाचवी घेऊन बसले. मी खिडकीशी उभी होते. पोरं इतकी शांत मी किती महिन्यांत पाहिली नव्हती.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "सर, आधी कुठे होतात?"

"नाल्यापलीकडच्या वस्तीवर."

"मग तिथे आता?"

"तिथे मी एकटाच आहे," ते म्हणाले आणि डबा उघडला.

पुढचं मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का? मला त्या दिवशी आनंदात राहायचं होतं, अक्का. किती दिवसांनी वेणी घालताना मी हर्षूला म्हटलं, "हो, आज शाळा आहे."

तर आता शाळा सुरळीत होईल असं दिसतं, म्हणून हर्षूला पाठवायची घाई नको. तिला तिकडे करमणारही नाही. तू राग मानू नकोस.

तुझी,
दिपमाला


रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, फोनवरही तुटक बोललीस. ते मला समजलं. हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहिते.

आमच्या दारात नाल्यापलीकडच्या वस्तीवरची धुरपदाबाई आली होती. म्हातारी आहे, बरोबर तिसरीतली नात. भर दुपारी चालत आल्या. मला वाटलं भांडायला आली. मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली आणि ओट्यावर टेकली.

"मी भांडाले नही उनू, ताई. इचारले उनू. तुम्ही कुलूप लायं, तुमले मास्तर भेटना. तो आमना मास्तर शे. आते आमना बठ्ठा पोरं तीन दिन घरमाच ऱ्हातस. आम्ही कुलूप लायं ते कोना मास्तर भेटी?"

आम्ही त्यांचा मास्तर आणला, आता त्यांनी कुलूप लावलं तर कोणाचा मास्तर मिळेल. तिने खरोखरच विचारलं, अक्का. टोमणा नव्हता. तिला वाटत होतं की अध्यक्ष बाईला माहीत असेल, कुठून कोणाचा काढून कोणाला देतात ते. मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. हे म्हणताना सरांनी डबा उघडला होता ते दिसत होतं समोर.

तेवढ्यात जे झालं, ते तुला सांगायचं म्हणूनच पत्र फाडत होते.

त्या नातीने ओट्यावर पडलेलं हर्षूचं गोष्टीचं पुस्तक उचललं. तूच राखीला पाठवलेलं, कासवाचं. बोट ठेवून वाचायला लागली. अडखळत, पण अक्षर सोडत नव्हती. हर्षूला राहवलं नाही. "मला पण येतं," म्हणाली आणि पुस्तक ओढून घेऊन घडाघडा म्हणायला लागली. नको म्हणाली तरी मी आत चहाचं पातेलं ठेवत होते. बाहेर आले तर हर्षू तिसऱ्या पानावरची गोष्ट सांगत होती आणि पुस्तक पहिल्याच पानावर उघडं होतं. त्या पोरीने सरळपणे तिसरं पान उघडून दाखवलं आणि म्हणाली, "ते आठे शे." हर्षू थांबली. मग त्या पानावर बोट ठेवलं आणि तिला पुढे काही येईना. एक ओळसुद्धा.

चौथीत आहे ती. रोज मीच वाचून दाखवते आणि ती पाठ करते. तुला फोनवर अख्खं पुस्तक वाचून दाखवलं, तू केवढी खूश झालीस. मला तेव्हाच संशय आला होता. पण मी पुस्तक हातात घेऊन बघितलं नाही. शाळा समितीच्या बैठका घेत होते आणि घरातली पोर वाचते का, हे बघायला घाबरत होते. अभ्यास बरा चालला आहे, असं तुला लिहिलं, ते असं होतं.

धुरपदाबाई गेल्यावर माझं डोकं चालेना. त्या सरांनी त्या पोरीला वाचायला शिकवलं. म्हणजे हर्षूला पाहिजेत ते हेच सर. आणि तेच सर आम्ही त्या पोरीकडून काढून आणले. दोन्ही मला एकाच वेळी कळत होतं आणि दोन्हींचं मिळून काय करायचं ते कळत नव्हतं. हे म्हणाले, "सगळ्या जगाचा विचार तू करू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ती म्हातारी चालत आली, उन्हात."

बुधवारी मी धुरपदाबाईला घेऊन तालुक्याला गेले. साहेबांना म्हटलं, वस्तीचे सर वस्तीला परत द्या, आम्हाला दुसरं कोणी द्या.

साहेब म्हणाले, "ताई, कुलूप तुम्हीच लावलं, आता नकोही तुम्हीच म्हणता. दुसरं कोणी असतं तर आधीच दिलं नसतं का? लेखी द्या."

मी लेखी दिलं. सही करताना हात थांबला नाही. शुक्रवारपासून सर पूर्ण आठवडा वस्तीवर जायला लागले. आमच्याकडे पुन्हा तोतारामसर एकटे, आणि शनिवारी शाळा बंद.

गावाने काय केलं असेल ते तुला सांगायला नको. झुलालभाऊ चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचं काय जातं? हिची बहीण शे धुळ्याले. पोर तिकडे पाठवंल. आमना नातू कोठे जातीन?"

त्यांना तुझं बोलणं कसं समजलं, देव जाणे. पण ऐकून मी गार पडले. कारण तालुक्याला जाताना बसमध्ये मी तुझ्या घराचाच विचार करत होते. मागची खोली, हॉस्टेलला गेलेल्या तुझ्या विनूची रिकामी पडलेली कॉट, आणि स्वयंपाकघरात ऐकू येणारी शाळेची घंटा. तू नसतीस तर मी सही केली असती का? खूप विचार केला. एकदा वाटतं केली असती. लगेच वाटतं, उगाच मोठेपणा घेऊ नकोस. मी चांगलं केलं की स्वतःपुरती वाट काढून बाकीच्यांना उघड्यावर टाकलं, हे मला खरंच ठरवता येत नाही. तुला आलं तर सांग, पण लगेच सांगू नकोस.

आता हर्षूला पाठवलं तर झुलालभाऊंचं बोलणं खरं ठरतं. नाही पाठवलं तर माझं नाव राहावं म्हणून पोर अडाणी राहते. हे मी यांना सांगितलं. हे बराच वेळ बैलांच्या दाव्याला गाठ मारत बसले. मग म्हणाले, "लोकांचं मी ऐकून घेईन. तिला वाचता आलं पाहिजे." लग्नाला बारा वर्षं झाली, कुठल्याही गोष्टीत त्यांनी एवढा सरळ निकाल दिला नव्हता.

आणि एक. तिला तिकडे करमणार नाही असं मी लिहिलं, ते माझं होतं, तिचं नव्हे. काल तिला विचारलं, मावशीकडे राहशील का. तर म्हणाली, "मावशीकडे रोज शाळा असते?" असते म्हटलं. "कोणी बंद नाही करत?" नाही म्हटलं. उठून आपले फ्रॉक काढायला लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी चुलीपुढे जाऊन बसले, म्हणजे धुरामुळे म्हणता येतं.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येते. मी एक रात्र राहीन, जास्त नाही. समितीचं पद सुटेल, कारण शाळेत मूल असावं लागतं. तरी बैठकीला जाणार आहे. बसू दिलं तर बसेन. आमचा धाकटा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल, तेव्हा तिथे कोण शिकवायला असेल, माहीत नाही.

तुला एकच सांगणं. पहिल्याच दिवशी तिला वाचायला बसवू नकोस. ती आपणहून पुस्तक घेऊन येईल आणि घडाघडा म्हणून दाखवेल. तेव्हा पानाकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ आणि शेवटपर्यंत ऐकून घे. मग दुसऱ्या दिवसापासून अ पासून सुरू कर.

मुलगी तुझ्या ओटीत घालते असं लिहिणार होते. पण ते लिहवेना. शिकेपर्यंत सांभाळ.

हर्षूची आई,
दिपमाला