एकही शब्द खोटा नाही

४ जून

फाटकं पुस्तक म्हटलं की रद्दीवाला आठवतो. जीर्ण म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात. पुस्तक तेच!

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणीला माणूस हवाय. आई अर्ज करणार. तिनं वहीच्या पानावर लिहिलंय — 'मी पुस्तकं शिवते. वीस वर्षं शेजारच्या मुलांची शिवली. हात चांगला आहे.'

म्हटलं, अगं, हे उसवलेल्या बाहीसारखं वाटतं! थांब, मी लिहिते.

५ जून

'जीर्ण ग्रंथांच्या जतनाचा वीस वर्षांचा अनुभव. बालकांसाठी कार्यशाळा.' (म्हणजे शेजारची दोन पोरं एकदा आमच्या ओट्यापाशी बसून पुठ्ठ्यांना खळ फासत होती, ती!) एकही शब्द खोटा नाही. नुसता कपडा बदलला.

बाबांनी वाचलं. "कोण हो या बाई? आपल्याकडे कधी येणार?"

आई हसली. पण सही करताना पेन थांबलं.

"ही मीच ना गं?"

"तूच. इस्त्री केलेली."

१० जून

बोलावलं!! बघा!

१२ जून

सकाळी सुई, दोरा, मेण पिशवीत टाकून गेली. दुपारी परत. "जागा आधीच भरली होती गं." एवढंच. चहा टाकला.

मी चिडले. मग उगाच बोलावलं कशाला! तर म्हणे, जाऊ दे, तुझ्या त्या शब्दकोशाची पाठ मोडलीय, आण इकडे. दोऱ्यावर मेण फिरवत बसली. बाबा आज एकही टोमणा न मारता जेवले.

१३ जून

शब्दकोश आता सपाट उघडतो.

२० जून

पुस्तक परत करायला गेले. ग्रंथपाल बाईंनी कार्डावरचं आडनाव पाहिलं.

"त्या तुझ्या आई का? काय हात आहे गं! समोर बसून एक पुस्तक शिवलं, टाका शोधून सापडेना. पण अर्जात ते जतन काय, कार्यशाळा काय! विचारलं, कुणी लिहिलं हे? तर म्हणाल्या, मीच. आता इतकं फुगवून सांगणाऱ्या बाईच्या हाती दुर्मीळ पुस्तकं कशी द्यायची, तूच सांग. जागा अजून रिकामीच आहे."

ते मी लिहिलं — तीन शब्द.

म्हटले नाहीत. कार्डावर शिक्का घेतला आणि बाहेर आले.