बेलहाळची पाचवी पायरी

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
पूररेषा मोजणी कक्ष, सोलापूर.

विषय : मौजे बेलहाळ येथील पूररेषेखालील कुटुंबांच्या तक्त्यातील खोडलेला तिसरा रकाना आपल्याच हस्ताक्षरात पूर्ववत करून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला मोजणी आदेश, दि. ३ डिसेंबर १९७३.
(२) आपला लाल शाईतील शेरा, दि. १४ मार्च १९७४.

महोदय,

१. बेलहाळच्या कल्लेश्वर देवळाला आज अकरा पायऱ्या आहेत. वरच्या नऊ काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. खालच्या दोन पांढरट दगडाच्या. त्यांवरच्या छिन्नीच्या खुणा अजून बोटाला लागतात. प्रत्येक पायरीची उंची अठरा सेंटिमीटर. १९५६ साली सीनेच्या पुराचे पाणी पाचव्या पायरीला लागले होते, असे गावात कोणीही सांगते, आणि गावात पायऱ्या नेहमी खालून मोजतात. पांढऱ्या दोन पायऱ्या जानेवारी १९७३ मधल्या आहेत. दुष्काळी कामावर रस्त्यासाठी देवळासमोरचा मुरूम उचलला, जमीन खाली गेली, म्हणून गुत्तेदाराने त्या बसवून दिल्या. तेव्हापासून पुराची पाचवी पायरी खालून सातवी झाली. गाव मात्र पाचवीच म्हणत राहिले.

२. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत नदी कोरडी होती. माळावरच्या वस्त्यांतली माणसे पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यांजवळ राहायला आली आणि काम संपल्यावरही राहिली. पंचायतीने पांढऱ्या दोनही मोजून येणाऱ्या पाचव्या पायरीवरून दोरी धरून तिच्या वरची सपाट जागा त्यांना आखून दिली. फरक दोनच पायऱ्यांचा, म्हणजे छत्तीस सेंटिमीटरचा होता. पण तिथे जमीन दोनशे मीटरला एक मीटर इतकीच चढते. म्हणून छत्तीस सेंटिमीटर म्हणजे बहात्तर मीटर रुंदीचा पट्टा. सगळी नवी घरे त्याच पट्ट्यात आली.

३. संदर्भ १ नुसार मी डिसेंबरात तिथे मोजणी केली. पायऱ्यांची गोष्ट मला बसम्मा या बाईंनी सांगितली. त्यांचे शब्द मी वहीत तसेच उतरवले आहेत : "पाचवी म्हंजे काळी पाचवी, अप्पा. ह्या पांढऱ्या परवाच्या हायती. देवाला इचारून बशिवल्या न्हाईत." त्यांचे पती चनबसप्पा यांनी चार दिवस माझी आखलेली पट्टी धरली. मी मोजणीच्या दुर्बिणीतून पाहत असताना ते दर खेपेला विचारत, "सायेब, पूर काय पट्टी बघून येतो व्हय?" पाणी जिथवर येईल तिथे मी प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढली. चनबसप्पांच्या घरात ती चुलीच्या वर आली. ते म्हणाले, "आता सैपाक रेघंच्या वर करायला सांगतो हिला."

४. तक्ता असा होता. खऱ्या पूररेषेखाली १९५६ साली १४ कुटुंबे, ८२ माणसे. १९७१ साली १४ कुटुंबे, ८४ माणसे. डिसेंबर १९७३ मध्ये ८५ कुटुंबे, ४७० माणसे. नदी बदलली नव्हती. पूर आलाच नव्हता. तरी अडीच वर्षांत पुरात सापडू शकणारी कुटुंबे सहापट झाली होती. मला हा आकडा महत्त्वाचा वाटला, आणि तो आपल्यालाही वाटेल असे मी समजलो.

५. दि. १४ मार्च १९७४ रोजी आपण मला बोलावले. आपल्या मेजावर आपल्या नव्या घराचा नकाशा पसरलेला होता. माझा तक्ता आपण त्याच्यावरच ठेवला आणि म्हणालात, "नदी तीच, पूर तोच, पायरी पाचवीच. मग धोका वाढला कसा? तुम्ही बी.एस्सी. आहात की ज्योतिषी?" मी पांढऱ्या पायऱ्यांचे सांगू लागलो, तेव्हा आपण घड्याळ पाहिले. मग तिसरा रकाना लाल शाईने खोडून बाजूला लिहिले : "१९७१ चेच आकडे कायम करावेत. वाढ काल्पनिक." नव्या तक्त्यावर मी सही केली. नोकरी टिकेल असे वाटले होते. ती चूक माझी आहे आणि ती मी या अर्जात कोणावर ढकलत नाही. आठ दिवसांनी आपण मला कमी केले. कागदावर कारण लिहिले : "अतिशयोक्तीकडे कल."

६. या वर्षी १९ सप्टेंबरला सीनेला पूर आला. पाणी खालून सातव्या, म्हणजे काळ्या पाचव्या पायरीला लागून थांबले. ते दोन दिवस हलले नाही. नव्या ७१ घरांच्या मातीच्या भिंती खालून भिजल्या आणि त्यांतली ५२ घरे बसली. चनबसप्पा धान्याचे पोते काढायला आत गेले होते. त्यांचे प्रेत भिंतीखाली सापडले. पडलेल्या भिंतीचा एक तुकडा उभा होता. त्यावर गेरूची रेघ आणि चिखलाची रेघ यांत मला दोन सेंटिमीटरचे अंतर मिळाले.

७. वरच्या अंगाला नव्या जागा देण्यासाठी यादी झाली, ती आपल्या तक्त्यावरून. त्यात १४ कुटुंबे आहेत. उरलेल्या ७१ कुटुंबांना "पूररेषेबाहेर" असा शेरा मिळाला. बसम्मा आपल्या कक्षात आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की रेषेबाहेरच्या घरात पुराचे पाणी शिरूच शकत नाही. शिरले असल्यास ते नदीचे होते, पावसाचे नव्हते, असा दाखला आणावा. पाण्याचा दाखला कोण देतो, हे त्यांनी तलाठ्याला विचारले, ग्रामसेवकाला विचारले, मग मला विचारले. त्या मला एवढेच म्हणाल्या, "तुमी रेघ मारून गेला की आमच्या भिंतीवर. मग कागदावरनं आमी कुटं गेलो?"

८. हा अर्ज मी सूड म्हणून करीत आहे. ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. आकडे मात्र सुडाच्या आधीचे आहेत. आपण खोडलेला मूळ तक्ता माझ्याकडे आहे. त्याच्या प्रती मी पुराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना रजिस्टर टपालाने पाठवल्या आहेत आणि एक बेलहाळच्या चावडीवर डकवली आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपला शेरा मी वाचून दाखवला. आता तो गावात लहानथोरांना पाठ आहे.

९. तरी विनंती अशी की,
(अ) तिसरा रकाना आपण स्वतःच्या हाताने, त्याच लाल शाईत पूर्ववत लिहावा, म्हणजे ७१ कुटुंबांची नावे यादीत येतील.
(आ) तो बेलहाळच्या चावडीवर आपणच वाचावा. बसम्मा पुढे बसतील.
(इ) माझ्या कागदावरील "अतिशयोक्तीकडे कल" हा शेरा काढू नये. त्याखाली कलम ६ मधले दोन सेंटिमीटर नोंदवावेत. मला नोकरी परत नको.

१०. आपल्या आदेशात मोजणीची ठिकाणे दोन होती. दुसरे, शहराबाहेरील कुंभारओढा, मला कमी केल्यामुळे अपुरे राहिले होते. हातात घेतलेले काम अर्धवट ठेवणे बरे नाही, म्हणून महाविद्यालयातील दुर्बीण मागून गेल्या रविवारी मी ते विनावेतन पूर्ण केले. त्याचा तक्ता सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे.

आपल्या कक्षातून कमी केलेला, तरीही नम्र,
मुकुंद नीळकंठ जेऊरकर, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र)
माजी तात्पुरता मोजणी सहायक
सोलापूर, दि. १७ नोव्हेंबर १९७५

सोबत :
१. मूळ तक्ता, लाल शाईसह (नक्कल).
२. बसम्मा व इतर ७० कुटुंबप्रमुखांचे अंगठे व सह्या.
३. कुंभारओढ्याचा तक्ता. पुराची खूण : जुन्या दगडी पुलाच्या खांबावर कोरलेली, १९५६. खुणेखाली राहणारी कुटुंबे : १९५६ साली शून्य; १९७१ साली शून्य; नोव्हेंबर १९७५ मध्ये एक. घराचे नाव : रुक्मिणी-निवास. मालक : आपण. पुलापासून अंतर : ४० मीटर, वरच्या अंगाला. घराच्या जोत्याची पातळी : खुणेच्या ४३ सेंटिमीटर खाली.