शेजारी मांडलेले शब्द

ती. बाबांस,
नमस्कार. साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच.

मी बरी आहे. वृद्धाश्रमातली नोकरी टिकली आहे, पण तुमच्या स्पॅनिशच्या वहीच्या कृपेने नव्हे. "सारखे दिसणारे शब्द शेजारी मांडले की फरक कळतो," असं म्हणत तुम्ही 'आंब्रे' म्हणजे भूक आणि 'ओंब्रो' म्हणजे खांदा एकाच ओळीत घोकून घेतलेत. आता एक आठवला की दुसरा शेपटासारखा मागे येतो. परवा एक आजी 'आंब्रे, आंब्रे' म्हणत भुकेने कळवळत होत्या आणि मी, तुमची हुशार विद्यार्थिनी, त्यांचा खांदा चोळत बसले!

इथल्या स्वयंपाकीणबाईंनी वही बघून कपाळावर हात मारला. आठवडाभर त्यांनी मला फक्त भूकच शिकवली, रोज ताट हातात देऊन. खांद्याचं नावही काढू दिलं नाही. भूक पक्की झाली आणि खांदा आपोआप वेगळा झाला.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही गोळ्या वेळेवर घेता, की त्यातही हट्ट?

ताईही इकडे यायचं म्हणते आणि तुम्ही तिला तीच वही शिकवताय म्हणे. निदान माझे दाखले देऊ नका. जन्मभर आम्हा दोघींना शेजारी उभं करून तुम्ही फरकच दाखवलात. आणि एवढं करून परवा फोनवर मला हाक मारलीत, ती तिच्याच नावाने.

तुमची,
धाकटी. ताई नव्हे.