आपलं की लांबचं

१२ जून, गुरुवार
तक्ता झाला एकदाचा. सईला संख्याशास्त्रच घ्यायचंय, पाच वर्षांचा कोर्स. दोन विद्यापीठं उरलीत. तक्त्यात मी त्यांना 'आपलं' आणि 'लांबचं' अशीच नावं दिलीत. आपलं म्हणजे मी शिकले ते कॉलेज, आता त्याचंच विद्यापीठ झालंय. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरून स्कूटीनं वीस मिनिटं. लांबचं म्हणजे गाडीत एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस.
नऊ रकाने. शिक्षक किती, निकाल, नोकऱ्या, ग्रंथालय, होस्टेल, वातावरण, माजी विद्यार्थ्यांची निष्ठा वगैरे. प्रत्येकाला वजन. बेरजेत आपलं पुढे. थोडंसंच, पण पुढे.
पसंतीचा फॉर्म २० ला पाच वाजता बंद. पहिली पसंती मिळाली की तीच घ्यायची, मागे फिरणं नाही.

१३ जून, शुक्र.
सईनं तक्ता पाहिला. "आई, तू सांगून राहिली का विकून राहिली?"
मी म्हटलं, आकडे आहेत, मी काय विकणार?
"तुझे आकडे आहेत म्हणजे बरोबरच असतील," म्हणाली आणि आंघोळीला गेली. हे वाक्य दिवसभर बोचतंय.
इथे तरी खरं लिहावं. पहिल्या बेरजेत लांबचं पुढे होतं. मग मी 'निष्ठे'चं वजन एकावरून तीन केलं आणि वजनांचा रकाना लपवून टाकला. आधी निकाल बघायचा, मग वजनं ठरवायची. ऑफिसात हे कुणी केलं तर मी फाईल परत फेकते. बावीस वर्षं सांख्यिकी कार्यालयात काढली ती यासाठी!

१४ जून, शनि.
हे आले भिवापूरहून. तिथल्या बँकेत आहेत, शनिवार-रविवारचे पाहुणे. तक्ता चष्मा वर करून वाचला.
"काहून वं एवढं करून राहिली? भिवापूरचा माणूस भिवापूरचीच मिरची चांगली म्हणणार. तुले विचारून काय फायदा?"
राग आला. खरं बोलले म्हणूनच आला. भाजीत तिखट जास्त पडलं, मुद्दाम नाही.

१५ जून, रवि.
'आपल्या' कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सईला मुद्दाम नेलं. म्हटलं, वातावरण बघेल. सायकल स्टँडजवळचा कडुलिंब तसाच आहे. मला भरून आलं, सई मोबाईल बघत होती.
कोथिंबिरीच्या सांबारवड्या छान होत्या. भाषणंही. एकजण म्हणाला, "या मातीचं ऋण आहे आपल्यावर," आणि टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. मग काय सुचलं कोण जाणे, निमंत्रणाच्या मागे पेन्सिलनं रेघा ओढायला बसले. सवय, दुसरं काय. भेटेल त्याला एकच प्रश्न: मुलं कुठे शिकतात?
तेरा जणांना विचारलं. पुणे, बंगळूर, परदेश, एकाचा मुलगा तर लांबच्यातच. आपल्याकडे एकाचंही नाही.
कुंदा माझ्याच बाकावर बसायची. तिची मुलगीही बाहेर. तिला हळूच विचारलं, असं कसं गं?
"अवं, आपलं कॉलेज आपल्यासाठी होतं. पोरांसाठी थोडीच!" आणि हसत दुसरी वडी घेतली.
म्हणजे जिला मी वजन तीन दिलं, ती निष्ठा म्हणजे वर्षातून एकदा वड्या खायला येणं.
परतताना सई म्हणाली, तिनं एका मुलीला विचारलं, क्लास सुटल्यावर इथे काय करता? "घरी जातो ना. पाचले लायब्ररी बंद होते."


१७ जून, मंगळ.
कशातच लक्ष नाही. ऑफिसात एकच रकाना दोनदा बेरजेत धरला, साहेबांनी दाखवलं. सुटल्यावर साडीला फॉल घ्यायला सीताबर्डीला उतरले आणि अर्धा तास चाकांच्या बॅगा बघत उभी राहिले. निळी चांगली होती. दुकानदार विचारतो, "मॅडम, कोण चाललं?" कोणी नाही म्हटलं. फॉल विसरलाच.
कूलर नुसता घरघरतोय, हवेत ओल आहे, अंग चिकचिकतंय.
ती गेली की घर खायला उठेल. सोमवार ते शुक्रवार मी आणि कूलर. एवढंच आहे सगळं. बाकी नऊ रकाने नुसती सजावट.

१८ जून, बुध.
सांगितलं. चहा गाळताना, पाठमोरी. समोर बघून जमलं नसतं. वजन बदललं, रकाना लपवला, सगळं.
मागून सई म्हणाली, "पहिल्याच दिवशी उघडला होता मी तो रकाना. वाट पाहून राहिली होती, तू कधी सांगते ते."
"मग बोलली काहून नाहीस?"
"तूच म्हणते ना, चूक ज्याची त्यानं दुरुस्त करावी."
रागावली असती तर बरं झालं असतं. चहा कपाबाहेर गेला.

१९ जून, गुरु.
ऑफिसातून आले तर टेबलावर नवा तक्ता. सईचा, हातानं आखलेला. 'निष्ठा' काढून टाकलीय. बाकी आठ रकाने, वजनं आधी भरलेली, बेरीज अजून केलेलीच नाही. शिकली म्हणायची माझ्याकडून काहीतरी.
शेवटी नववा रकाना जोडलाय. वर फक्त 'आई'. 'आपल्या'ला त्यात दहापैकी दहा, 'लांबच्या'ला शून्य. वजनाची जागा रिकामी.
"हे वजन तू भर," म्हणाली. "पण खरं. तू भरलं की मी बेरीज करते आणि येईल तसा फॉर्म लॉक करते. मग बदलायचं नाही. तूही नाही, मीही नाही."
"आणि मी शून्य लिहिलं तर?"
"खोटं लिहिलं तर मले कळते, आई."
ती कुंदाकडे गेलीय, सुट्टीत घरी आलेल्या तिच्या मुलीला होस्टेलचं काहीबाही विचारायला. तासाभरात येईल.
बाकीची बेरीज मी मनात केव्हाच करून बसलेय, लांबचं पुढे आहे. तीनच्या वर काहीही लिहिलं तर ती इथेच राहते. आणि खरा आकडा तीनच्या खूप वर आहे.
पेन्सिलीला टोक केलं. दोनदा.
फाटकाचा आवाज आला. तीच असेल.