वरच्या मजल्याची लाइन

११ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे सगळे बरे आहोत, तुम्ही तिघंही बरी असाल. चिमणीचा खोकला गेला का? रात्री पंखा जोरात लावू देऊ नकोस, तिचा बाप झोपला की त्याला कशाचं भान नसतं.

फोन सोडून ताई पत्र लिहायला कशी बसली, असं म्हणशील. फोनवर तू "हो ताई" म्हणतेस, मी "बरं मग" म्हणते, आणि सासूबाई शेजारी बसून "काय म्हणते, काय म्हणते" करत राहतात. त्यात बोलायचं ते राहूनच जातं.

बातमी अशी, की घरातले पाण्याचे सगळे पाइप बदलायला काढलेत. अखेर! न्हाणीघराच्या भिंतीला ओल होतीच, ती स्वयंपाकघरापर्यंत आली, तरी हे आपले "बघू, बघू". परवा सासूबाईंच्या उशीवर भिंतीचा हा एवढा पोपडा पडला, तेव्हा कुठे यांना जाग आली आणि प्लंबर आला. त्यानं जिन्याखालचा पाइप कापून तुकडा दाखवला. आत गंज साचून साचून करंगळी जाईल एवढंही भोक उरलं नव्हतं. "यातून पाणी येत होतं हेच नवल," तो म्हणाला. सासूबाईंनी तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, याच्यापायी माझ्या सुना भांडल्या."

आल्यागेल्याला आपण सगळे हेच सांगतो ना, की पाणी पुरेना म्हणून धाकटी मंडळी दुसरीकडे राहायला गेली. खाली मी नळ सोडला की वर तुझी आंघोळ अडायची. तू वरून ओरडायचीस, मी खालून. शेजाऱ्यांनीही ऐकलंय.

प्लंबर म्हणजे नमुना आहे. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "होऊन जाईल." आम्ही आपसात त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय. कुठला पाइप कुठे जातो हे घरात कुणालाच माहीत नाही, कारण प्रत्येक पिढीनं आपापली जोडाजोड केलेली. त्यानं मोठ्या विश्वासानं स्वयंपाकघराचा म्हणून एक कॉक बंद केला. स्वयंपाकघरात पाणी येतच होतं, आणि न्हाणीघरातून यांचा आवाज आला, "अरे, कोण आहे तिकडे, डोळ्यांत साबण गेलाय!" सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

तर त्या होऊनजाईलनं काल मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "बाई, वर मागच्या खोलीत किचनचा पॉइंट काढायचा का? आत्ता भिंत उघडी आहे. एकदा प्लास्टर झालं की परत फोडायला मी यायचो नाही."

मागची खोली म्हणजे तुमचीच, चिमणीची खेळणी ठेवायचीस ती. मी म्हटलं, यांना विचारा. हे म्हणाले, "नको, ओटा घातला तर धाकट्याला वाटेल, आपल्याला वेगळं काढलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण नाही घातला तर वाटेल, आपल्यासाठी काही केलंच नाही." मग चष्मा पुसत बसले.

तुला काय वाटतं गं? सहजच विचारते. तसं काही नाही.

चिमणीला पापा.

तुझी,
ताई


१५ मार्च

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नाही, की पोचून तू गप्प बसलीस, काही कळायला मार्ग नाही.

घराची पार रया गेलीय. भिंतींना छतापासून खालपर्यंत खाचा पाडल्यात, सगळ्यावर धूळ, अंथरुणातही कचकच लागते. पाणी शेजारणीकडून बादलीनं आणतोय. सासूबाई नाकातोंडाला रुमाल बांधून कारागिरांच्या मागे मागे असतात. "इथे वाकडा गेलाय तुझा पाइप," म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो खरंच वाकडा गेलेला असतो.

आता त्या अंगठ्याचं ऐक. यांनी भाऊजींना फोनवर निरोप लिहिला, "वर स्वयंपाकघराची लाइन टाकू, की नको?" त्यावर तुझ्या नवऱ्यानं नुसता अंगठा पाठवला. टाकू की नको विचारल्यावर अंगठा! हे म्हणाले, "टाका म्हणतोय." सासूबाई म्हणाल्या, "नको म्हणतोय, त्याला आईचं मन कळतं." मी म्हटलं, त्यांनी वाचलंच नाहीये. शेवटी तो फोन होऊनजाईलपुढे धरला. त्यानं लांबून बघितलं आणि म्हणाला, "हा अंगठा म्हणजे, मी कामात आहे, डोकं खाऊ नका." मग मीच भाऊजींना फोन लावला, तर म्हणतात, "वहिनी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." झालं! ते लोढणं परत माझ्याच गळ्यात.

सासूबाईंचं म्हणणं, "एका घरात दोन चुली? मी गेल्यावर काय ते धिंगाणे घाला." एवढं बोलून त्या दुपारच्या झोपल्या. उठल्या त्या म्हणाल्या, "पण चिमणीचं दूध तापवायला धाकटीला अपरात्री जिना उतरून यावं लागायचं, हाल व्हायचे बिचारीचे." मी म्हटलं, म्हणजे टाकू लाइन? तर फणकाऱ्यानं, "मी असं कधी म्हटलं?"

आणि माझं काय वेगळं आहे? चहा पिताना वाटतं, टाकून मोकळं व्हावं. जेवताना वाटतं, छे, भलतंच. होऊनजाईल म्हणतो, लाइन टाकू, वरून बूच मारून ठेवू, लागेल तेव्हा बघा. ते ऐकून यांचा आणि सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. लाइन टाकली तर तू म्हणशील, ताईनं मला स्वयंपाकघरातून हुसकावलं. नाही टाकली तर म्हणशील, ताईला मी तिथे नकोच आहे. आणि बूच मारून ठेवलं तर म्हणशील, ताईच्यात बोलायची धमक नाही. तिन्ही म्हणशील, मी काय तुला ओळखत नाही?

एक विचारू? त्या शेवटच्या भांडणाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती. वर कुणी आंघोळीला गेलेलं नव्हतं. नळाला बऱ्यापैकी पाणी होतं. तरी आपण भांडलोच ना? तू मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली होतीस.

जाऊ दे. लिहायचं नव्हतं, लिहून गेले. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, त्यापेक्षा राहू दे तसंच.

प्लास्टरवाला तीन-चार दिवसांत येणार आहे. त्याच्या आत काहीतरी कळव गं बाई. नाहीतर कळवू नकोस, मीच बघते. मला काय सुचतंय ते मलाच कळेनासं झालंय.

तुझी,
ताई


१९ मार्च

धाकटे,

पाणी आलं.

काल प्लास्टरच्या आधी सगळे सांधे तपासायला होऊनजाईलनं गच्चीवरचा मोठा कॉक उघडला. मी स्वयंपाकघरातला नळ पुरता सोडून उभी. हे वर न्हाणीघरात. सासूबाई मधे जिन्यात.

"वर येतंय का रे?"

"येतंय! जोरात येतंय!"

"खाली गं?"

"खालीही येतंय!"

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. "आता पोरं येतील घरी," म्हणाल्या. हे ओल्या हातांनीच फोन शोधत सुटले, भाऊजींना सांगायला, की या रे आता, सामान बांधा, आता काही अडचण उरली नाही.

आणि मी नळाशी उभी. ओट्यावर धो धो पाणी पडतंय, अंगावर शिंतोडे उडतायत, तरी नळ बंद करायचं सुचत नाही. एवढं चांगलं झालं आणि मला आनंद का होत नाही? बावळटासारखी उभी राहिले. मग कळलं. आता पाण्यावर ढकलता येणार नव्हतं. तू येणार, महिनाभर गोडीगुलाबीनं जाणार, आणि मग एक दिवस बरणी, नाहीतर झाकण, नाहीतर कुठली तरी पळी. तेव्हा लोकांना काय सांगणार होतो आपण?

तर ऐक. आपण पाण्यावरून कधीच भांडलो नाही. तुलाही हे ठाऊक असेल, मलाच वाटायचं की फक्त मला ठाऊक आहे. मी या घरात आले ती सासूबाईंच्या हाताखाली. कांदा केवढा चिरायचा तेही त्यांना विचारून. त्यांचे गुडघे गेले तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, आणि तोवर माझे केस पिकले होते. एकेक बरणी मी माझ्या मनानं लावली. वेडीसारखी पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे, आपण ठेवलं तिथेच आहे म्हणून. आणि मग तू आलीस. हसरी, भराभर काम उरकणारी, आणि सगळं हलवून ठेवायला लागलीस. तुझं चुकत नव्हतं गं. तू ठेवायचीस तिथेच ते जास्त हाताशी यायचं. तेच मला सोसवत नव्हतं.

तू गेल्यापासून सगळं माझ्या मनासारखं जागच्या जागी आहे, आणि घर खायला उठतं. हसायला कुणी नाही. सासूबाईंची नक्कल कुणापुढे करू? यांच्यापुढे? चिमणीच्या वाटीत मी अजून चुकून काहीबाही वाढते आणि मग परत भांड्यात ओतते. तू यावंस म्हणून जीव तुटतो, आणि तू येणार म्हटलं की धाकधूक होते. असं कुणाचं होतं का? माझ्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?

मी नळ बंद केला आणि तडक वर गेले. होऊनजाईल हत्यारं आवरत होता. म्हटलं, "मागच्या खोलीत किचनचा पॉइंट काढा. सांडपाण्याची लाइनही काढा."

"आत्ता? अहो बाई, काल सांगायचं ना! आता सगळी लाइन रिकामी करावी लागेल, परत जोड, परत वाळवण..."

"होऊन जाईल," मी म्हटलं. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"बूच मारून ठेवू ना?"

"बूच नको. नळ बसवा."

नळ बसवलाय. आज सकाळी मी स्वतः सोडून बघितला, स्वच्छ पाणी आलं.

सासूबाई कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. निरोप यांच्यामार्फत, "तिला म्हणावं, माझी औषधाची वेळ झाली." हे म्हणाले, "तू घराचे दोन भाग केलेस." मी म्हटलं, भाग झालेलेच आहेत, त्यातला एक गावाच्या त्या टोकाला भाड्याच्या खोल्यांत राहतोय, मी तो फक्त जिन्याच्या वरच्या टोकाला आणतेय. यावर ते चष्मा पुसत बसले. पटलं म्हणून की चिडले म्हणून, विचारायचा धीर झाला नाही.

मी बरोबर केलं का, अजून मला सांगता येत नाही. काल खात्री वाटत होती, आज तू हे वाचताना तुझा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि हात थांबतो. कदाचित तू पत्र फाडशील. कदाचित भाऊजींना म्हणशील, बघा, तुमच्या वहिनीनं आपल्याला घरात घेऊन घराबाहेर ठेवलं. म्हण. खोटं कसं म्हणू? मला तू घरात हवीस. माझ्या ओट्याशी नकोस. दोन्ही खरं आहे, आणि एकच लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

आलीस तर वरच्या खोलीत तुझ्या मनासारखं मांड. मी जिना चढून येईन, दार वाजवीन, आणि तू "या" म्हणालीस तरच आत पाऊल टाकीन. तुझ्या फळ्यांकडे बघेन, हात लावणार नाही. चहा तू करशील तसा पिईन, साखर कमी आहे असं म्हणणार नाही. म्हणावंसं वाटलं तर खाली येऊन यांना सांगेन.

जाऊ म्हणशील तर तुझी जाऊ, शेजारीण म्हणशील तर तुझी शेजारीण, काहीच म्हणणार नसशील तरी तुझीच,

ताई